स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदी

जबलपूर शहराच्या पश्चिमेस, किंचित वायव्येकडे, नर्मदेच्या खोऱ्यात पाटन हे तहसिलीचे गाव वसले आहे. आसपासची जमीन काळी व कसदार असून गहू, हरभरा आणि वाटाणा ही तेथील प्रमुख पिके होत. मध्यप्रदेशच्या १९७२ च्या कृषी उपज मंडी अधिनियमानुसार चालणाऱ्या इतर बाजारांप्रमाणेच पाटनच्या मंडीतही शेतमालाचा लिलाव होतो, माल तोलला जातो आणि प्रत्येक टप्प्यावर काही ना काही लिहिले जाते. गाडी आत आली की प्रवेशाची चिठ्ठी, सौदा ठरला की सौद्याचे पत्रक, तोल झाला की तोलाची चिठ्ठी आणि अखेरीस भुगतानाचे पत्रक. दिवस मावळताना या सर्व कागदांतून एक छोटीशी ओळ निष्पन्न होते : अमुक तारखेस, अमुक शेतमालास, या बाजारात किमान भाव इतका, कमाल भाव इतका आणि बहुतेक व्यवहार ज्या भावाने झाले तो सर्वसाधारण भाव इतका.

ही ओळ पाटनमध्येच राहिली तर तिचा उपयोग पाटनपुरताच राहील. परंतु ज्या शेतकऱ्याला आपला हरभरा पाटनला न्यावा की थेट जबलपूरला, याचा निर्णय करावयाचा आहे, त्याला दोन्ही बाजारांच्या ओळी शेजारी शेजारी हव्या असतात. व्यापाऱ्याला दहा बाजारांच्या ओळी हव्या असतात, अभ्यासकाला दहा वर्षांच्या. याच हेतूने केंद्र सरकारच्या विपणन व निरीक्षण संचालनालयाने राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या साहाय्याने २००० साली ‘ॲगमार्कनेट’ ही योजना सुरू केली आणि देशभरच्या बाजारांतील भाव संगणकाद्वारे एकत्र येऊ लागले. पुढे २०१२ मध्ये केंद्र सरकारने माहितीच्या सामायिक वापराविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. शासकीय माहिती नागरिकांना यंत्राने वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात मिळावी, हे त्या धोरणाचे सूत्र होते. त्याच वर्षी उघडलेल्या ‘डेटा डॉट गव्ह डॉट इन’ या शासकीय संकेतस्थळाची उभारणी ‘द्रुपल’ या प्रणालीवर झाली होती आणि द्रुपल ही पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. त्या स्थळावरून बाजारभावांच्या नोंदी उतरवून घेणाऱ्याच्या हाती बहुधा जी फाइल पडते, ती अगदी साध्या बांधणीची असते. एका नोंदीची एक ओळ आणि दोन रकान्यांमध्ये एक स्वल्पविराम, एवढेच तिचे स्वरूप. संगणकाच्या व्यवहारात तिला सीएसव्ही फाइल म्हणतात.

या फाइलीच्या साधेपणामुळेच तिचा प्रसार झाला. परंतु त्याच साधेपणामुळे तिच्या अचूकतेची सारी जबाबदारी ती लिहिणाऱ्यावर येऊन पडते. ती कशी, हे पाहणे उद्बोधक आहे.

माहितीकोश आणि फाइल

नोंदी ज्या ठिकाणी कायम राहतात त्या संग्रहास माहितीकोश किंवा डेटाबेस असे म्हणतात. त्याची आज सर्वत्र रूढ असलेली कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. सारी माहिती कोष्टकांच्या रूपात ठेवावी आणि ती कोठे व कशी साठविली आहे याची चिंता वापरणाऱ्याला करावी लागू नये, हे त्याच्या विचाराचे सार होय. बाजारांचे एक कोष्टक, शेतमालांचे दुसरे, रोजच्या भावांचे तिसरे. ज्याला हवे त्याने ‘पाटन बाजारातील हरभऱ्याचे मार्च महिन्यातील भाव’ असा प्रश्न एसक्यूएल या प्रश्नभाषेत विचारावा आणि माहितीकोशाने तिन्ही कोष्टके जुळवून उत्तर द्यावे.

माहितीकोशात प्रत्येक रकान्याला स्वतःची जात असते. तारखेच्या रकान्यात तारीखच बसते, भावाच्या रकान्यात संख्याच बसते. बाजाराच्या रकान्यात यादीबाहेरचा बाजार घालू पाहिल्यास तो नाकारला जाईल, अशीही व्यवस्था करता येते. दक्ष कारकुनाने राखलेल्या नोंदवहीप्रमाणे माहितीकोश चुकीच्या नोंदीला दारातच अडवितो.

फाइलीला असा कारकून नसतो. स्वल्पविरामांनी विभागलेल्या फाइलीत सर्व काही केवळ मजकूर असते. ‘५४००’ हा भाव आहे, क्विंटलांची संख्या आहे की घराचा क्रमांक आहे, हे ती फाइल सांगत नाही. ते फक्त त्या मजकुराच्या जागेवरून, म्हणजे ओळीत तो कितवा आहे यावरून ठरते. ही पद्धत जुनी आहे. पंचछिद्रित पत्रांवर माहिती देताना प्रत्येक आकडा नेमक्या स्तंभात पाडावा लागे व एक स्तंभ चुकला तर सारे गणित चुके. त्या जाचातून सुटण्यासाठी आकड्यांमध्ये स्वल्पविराम टाकण्याची सोय पुढे आली. आयबीएम कंपनीच्या फोरट्रान भाषेच्या एका अनुवादकात १९७२ पासून ती उपलब्ध होती. पन्नासहून अधिक वर्षे लोटली, अनेक कंपन्यांची स्वतंत्र फाइलस्वरूपे आली आणि विस्मृतीत गेली, पण स्वल्पविराम टिकून राहिला. याचे कारण उघड आहे. ही फाइल उघडण्यासाठी कोणत्याही कंपनीची परवानगी किंवा विशिष्ट यंत्र लागत नाही, आणि यंत्र बिघडले तरी माणूस ती डोळ्यांनी वाचू शकतो.

पीएचपीचे कार्य

माहितीकोशातून फाइल बाहेर काढण्याचे काम करणाऱ्या भाषांपैकी पीएचपी ही अतिशय प्रचलित भाषा आहे. रासमुस लेर्डोर्फ याने १९९४ च्या सुमारास स्वतःच्या उपयोगासाठी तिची सुरुवात केली आणि जून १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. मायएसक्यूएल हा माहितीकोशही त्याच वर्षीचा. पुढील काळात या दोहोंची जोडी जगभरच्या असंख्य लहानमोठ्या संकेतस्थळांचा पाया ठरली. पीएचपीचा कार्यक्रम वाचकाच्या यंत्रावर चालत नाही. तो दूरच्या सेवक-संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर चालतो आणि त्याचा परिणाम तेवढा वाचकाकडे पाठवितो.

हे काम चार पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीवर वाचकाने कोणता बाजार व कोणता कालखंड निवडला आहे ते कार्यक्रम पाहतो आणि त्यानुसार माहितीकोशाला प्रश्न विचारतो. येथे एक दक्षता आवश्यक असते. वाचकाने लिहून पाठविलेला मजकूर प्रश्नाच्या वाक्यात जसाच्या तसा गुंफू नये, कारण एखादा खोडसाळ मनुष्य बाजाराच्या नावाऐवजी भलतीच आज्ञा लिहून पाठवू शकतो. प्रश्नाचा सांगाडा आधी निश्चित करून वाचकाचा मजकूर त्यात केवळ मूल्य म्हणून भरणे, हा त्यावरील मान्य उपाय होय.

दुसऱ्या पायरीवर कार्यक्रम ब्राउझरला दोन सूचना देतो : येणारा मजकूर पानावर दाखविण्यासाठी नसून ती सीएसव्ही फाइल आहे, आणि ती अमुक नावाने जतन करावी. या सूचना मजकुराच्या आधी जाव्या लागतात. कार्यक्रमाच्या आरंभी चुकून राहिलेली एक रिकामी ओळदेखील मजकूर म्हणून आधीच निघून जाते. मग एक तर सूचना पोहोचत नाहीत, किंवा ती रिकामी ओळ फाइलीच्या शिरोभागी जाऊन बसते.

तिसऱ्या पायरीवर रकान्यांच्या नावांची ओळ लिहिली जाते आणि चौथ्या पायरीवर एकामागून एक नोंदी. लाखो नोंदी एकदम स्मृतीत घेऊन मग लिहू पाहणारा कार्यक्रम मध्येच थांबण्याचा संभव असतो. म्हणून जाणकार कार्यक्रमलेखक माहितीकोशाकडून एक नोंद घेतो, ती बाहेर जाणाऱ्या प्रवाहात सोडतो आणि मग पुढची घेतो. मोटेने विहिरीतले सारे पाणी एकाच खेपेत काढता येत नाही, परंतु खेपांमागून खेपा करून शेत भिजते, तसाच हा प्रकार आहे.

एका स्वल्पविरामाचे मोल

आता मुख्य अडचणीकडे वळावयास हवे. समजा, फाइलीत शेतमाल, बाजार, किमान, कमाल व सर्वसाधारण असे पाच रकाने आहेत आणि त्यांत पुढील ओळ आहे. भाव केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

हरभरा,पाटन,५१००,५६००,५४००

येथे सर्व काही सरळ आहे. परंतु बाजाराचे नाव माहितीकोशात ‘पाटन, जबलपूर’ असे लिहिलेले असेल तर काय होईल? माहितीकोशाला त्यात वावगे काहीच वाटत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते एकाच रकान्यातील एक नाव आहे. कार्यक्रमलेखकाने मात्र रकाने नुसते स्वल्पविरामांनी जोडून लिहिले, तर ओळ अशी उतरते :

हरभरा,पाटन, जबलपूर,५१००,५६००,५४००

पाचाच्या ठिकाणी सहा तुकडे झाले. वाचणारे यंत्र क्रमाने मोजत जाते : शेतमाल हरभरा, बाजार पाटन, किमान भाव ‘जबलपूर’, कमाल भाव ५१०० आणि सर्वसाधारण भाव ५६००. शेवटचे ५४०० अधांतरी राहतात. ज्या कार्यक्रमाला केवळ पाटनच्या हरभऱ्याचा सर्वसाधारण भाव हवा आहे, तो पहिला, दुसरा व पाचवा रकाना पाहतो, त्याला त्यांत काहीही संशयास्पद आढळत नाही, आणि तो ५६०० हा आकडा पुढे पाठवितो. त्यावर विसंबून चाळीस क्विंटल हरभरा घेऊन निघालेल्या शेतकऱ्याच्या हिशेबात आठ हजार रुपयांचा फरक पडतो. नोंदविणाऱ्याने खोटे लिहिलेले नाही, माहितीकोशातही चूक नाही, तोलही बरोबर झालेला आहे. चूक झाली ती नोंद एका घरातून दुसऱ्या घरी नेताना.

संख्यांमधील स्वल्पविराम तर याहून फसवा असतो. सर्वसाधारण भाव ‘५,४००’ असा लिहून आला, तर यंत्र त्याचे ‘५’ आणि ‘४००’ असे दोन तुकडे करते. दोन्ही संख्याच असल्याने रकान्याची जातही चुकत नाही. म्हणून फाइलीतील संख्या स्वल्पविरामाविना लिहाव्यात असा संकेत आहे. हजार व लाख यांची फोड ही वाचकाच्या डोळ्यांची सोय असून ती छापण्याच्या वेळी करावी, नोंदविण्याच्या वेळी नव्हे.

नावातील स्वल्पविरामावर उपाय अवतरणचिन्हांचा आहे. ज्या रकान्यात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ येते, तो रकाना दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावयाचा. त्या चिन्हांच्या आतला स्वल्पविराम हा मजकुराचा भाग, बाहेरचा तो विभाजक. मजकुरातच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहावयाचे. हे नियम प्रघातात बरीच वर्षे होते, पण ज्याचा त्याचा प्रघात थोडा वेगळा असे. ऑक्टोबर २००५ मध्ये ‘आरएफसी ४१८०’ या टिपणात ते एकत्र मांडले गेले. प्रत्येक ओळीत रकान्यांची संख्या सारखी असावी, ही अपेक्षाही त्यात आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या पीएचपीच्या ५.१ या आवृत्तीत ‘एफपुटसीएसव्ही’ ही आज्ञा समाविष्ट झाली. तिला रकान्यांची यादी दिली की अवतरणे कोठे द्यावयाची व चिन्हे कोठे दुणावयाची, हे ती स्वतःच पाहते. तरीही तिच्यात एक वेगळेपण राहून गेले होते. उलट्या तिरप्या रेघेला ती मूळपासून विशेष अर्थ देत असे व त्यामुळे काही ओळी वरील नियमांशी जुळत नसत. यासंबंधीचा पर्याय कार्यक्रमलेखकाने स्पष्टपणे लिहावा, अशी सूचना २०२४ च्या ८.४ या आवृत्तीपासून पीएचपी स्वतःच देऊ लागली. कार्यक्रमलेखकाने स्वल्पविराम हाताने जोडत बसण्याऐवजी सिद्ध आज्ञा वापरावी हे योग्यच, परंतु ती आज्ञा काय करते हे त्याने जाणून घेतले पाहिजे.

लिपी, शून्य आणि तारीख

भारतीय वाचकाच्या दृष्टीने दुसरी अडचण लिपीची आहे. संगणकाला अक्षरे ठाऊक नसतात, त्याला क्रमांकच ठाऊक असतात. भारतीय लिप्यांसाठी भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ‘इस्की’ ही क्रमांकपद्धती प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि कालांतराने तीच सर्वत्र रूढ झाली. युनिकोडचे क्रमांक फाइलीत लिहिण्याची यूटीएफ-८ ही रीत १९९२ मधील आहे. तीत रोमन अक्षराला एक बाइट पुरते, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘पाटन’ या शब्दात प, काना, ट आणि न अशी चार चिन्हे आहेत, म्हणून तो शब्द बारा बाइटांचा होतो.

हे बारा बाइट कोणत्या पद्धतीने वाचावयाचे, हे सीएसव्ही फाइलीत कोठेही लिहिलेले नसते. कोष्टकाचा कार्यक्रम ते जुन्या युरोपीय पद्धतीने वाचू लागला, तर ‘पाटन’च्या जागी बारा विचित्र चिन्हांची रांग उमटते. फाइलीच्या अगदी आरंभी तीन बाइटांची एक अदृश्य खूण ठेवली म्हणजे एक्सेलसारख्या कार्यक्रमास लिपीची ओळख पटते. परंतु ही खूण न ओळखणारे कार्यक्रम तिला पहिल्या रकान्याच्या नावाचाच भाग समजतात. म्हणून फाइल कोणासाठी आहे हे पाहूनच खूण ठेवावी लागते. अंकांचेही असेच आहे. या लेखात वाचकांच्या सोयीसाठी भाव देवनागरी अंकांत दिले आहेत, परंतु देवनागरी अंकांना अनेक कार्यक्रम संख्या न मानता नुसती अक्षरे मानतात. यास्तव फाइलीत आंतरराष्ट्रीय अंक लिहिणे इष्ट असते.

तिसरी अडचण कोष्टकाच्या कार्यक्रमांच्या अतिउत्साहाची. जबलपूरचा दूरध्वनी-संकेतांक ०७६१ असा आहे. कोष्टकाचा कार्यक्रम ती संख्या मानतो, आरंभीचे शून्य निरर्थक समजून गाळतो आणि ७६१ दाखवितो. २०११ च्या जनगणनेत जम्मू-काश्मीरचा संकेतांक ०१ असा होता, त्याचेही तेच होणार. तारखेची गत याहून वाईट. ०५/०४ म्हणजे भारतात पाच एप्रिल, तर अमेरिकेत चार मे. रब्बीचा माल बाजारात येण्याच्या दिवसांत एका महिन्याचा फरक म्हणजे भावाच्या आलेखाची उलथापालथ होय. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९८८ पासून अस्तित्वात आहे आणि ते पाळल्यास हा घोटाळा टळतो. मोठमोठे वैज्ञानिकही या अतिउत्साहापासून सुटले नाहीत. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती व कोष्टकात ती घालताच त्यांच्या तारखा होत. अखेरीस नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली आणि २०२० मधील आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची नोंद केली.

न दिसणारी हानी

या सर्व चुकांमध्ये एक समान गुण आहे. त्या आवाज करीत नाहीत. इंग्लंडमध्ये २०२० साली जे घडले, ते या दृष्टीने मननीय आहे. करोनाच्या चाचण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून सीएसव्ही फाइलींत येत व तेथून ते एक्सेलच्या जुन्या स्वरूपाच्या कोष्टकात घेतले जात. त्या स्वरूपात ६५,५३६ ओळींहून अधिक ओळी मावत नाहीत. मर्यादा संपल्यावर उरलेल्या नोंदी गळाल्या, आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्या लोकांचा शोध त्यामुळे उशिरा सुरू झाला. येथे स्वल्पविराम निर्दोष होता. माल उतरवून घेणाऱ्याने पोती मोजली नाहीत, एवढीच चूक होती.

पोती मोजण्याचा हा साधा नियम फाइलीलाही लागू आहे. माहितीकोशाने किती नोंदी दिल्या आणि फाइलीत किती ओळी उतरल्या, हे ताडून पाहावे. प्रत्येक ओळीत रकाने सारखेच आहेत ना, किमान भाव कमाल भावाहून मोठा तर नाही ना, सर्वसाधारण भाव त्या दोहोंच्या मध्ये आहे ना, हेही पाहावे. वर दिलेल्या उदाहरणातील सहा तुकड्यांची ओळ यांपैकी पहिल्याच कसोटीवर अडकली असती.

काय बाहेर पाठवावे आणि काय पाठवू नये, याचाही विवेक हवा. बाजारभाव सर्वांसाठी आहे, पण ज्या पत्रकांतून तो निघाला त्यांवर शेतकऱ्याचे नाव, दूरध्वनी व बँकखात्याचा क्रमांकही असू शकतो. ‘सर्व रकाने द्या’ अशी आळशी आज्ञा दिल्यास तेही फाइलीत उतरतात, आणि एकदा उतरलेली फाइल परत बोलावता येत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा भारतात २०२३ मध्ये संमत झाला, परंतु हवे तेच रकाने नावानिशी मागणे ही शिस्त कायद्याहून जुनी आहे. बरोबरीच्या चिन्हाने सुरू होणारा मजकूर कोष्टकाचे कार्यक्रम सूत्र समजून अमलात आणतात, म्हणून परक्या व्यक्तीने भरलेल्या मजकुरात असे काही नाही, याचीही खात्री करून घ्यावी लागते.

नावापलीकडची ओळख

सर्व नियम पाळून फाइल निर्दोष उतरली, तरी एक प्रश्न उरतो : हे पाटन कोणते? सातारा जिल्ह्यात कोयनेच्या खोऱ्यात पाटण तालुका आहे. गुजरातेत पाटण हा जिल्हाच आहे. छत्तीसगडात दुर्ग जिल्ह्यात पाटन ही तहसील आहे. देवनागरीत ‘न’ आणि ‘ण’ यांमुळे थोडा तरी भेद राहतो, पण रोमन लिपीत ही सारी नावे एकाच वर्तनीत मिसळून जातात. ‘पाटन, जबलपूर’ असे लिहिणाऱ्या नोंदनिसाने तो स्वल्पविराम निष्काळजीपणाने घातलेला नव्हता. आपले गाव इतर पाटनांहून निराळे दिसावे, म्हणूनच त्याने तो घातला होता. तो गाळून टाकणे हा यास्तव खरा उपाय नव्हे. जिल्ह्याला स्वतंत्र रकाना द्यावा, प्रत्येक बाजाराला व गावाला कधीही न बदलणारा संकेतांक द्यावा, आणि नाव जसे लिहिले आहे तसे अवतरणचिन्हांत सुरक्षित पोहोचवावे, हाच खरा उपाय होय.

पूर्वी पटवारी आपल्या खसऱ्यात शेताची ओळ लिहीत असे, तेव्हा कोणत्या रकान्यात काय आहे हे त्याला व गावाला ठाऊक असे, आणि शंका आल्यास त्याला जाऊन विचारता येई. आज पाटनच्या बाजाराची ओळ हजारो मैलांवरच्या अपरिचित वाचकाकडे क्षणार्धात जाते आणि तो वाचक बहुधा यंत्र असतो. यंत्र शंका विचारत नाही. त्यामुळे नोंदीचा अर्थ तिच्याबरोबरच पाठवावा लागतो, आणि तो पाठविण्यासाठी त्या साध्या फाइलीत उपलब्ध असतात एक स्वल्पविराम, दोन अवतरणचिन्हे आणि लिहिणाऱ्याची दक्षता.